भिंतीवर काय लागणार, हे कोण ठरविणार?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



शेतमालाचे भाव आणि कामगार कायदे यांच्यावरील चर्चेनंतर चित्रकलेवर बोलण्यास मला उभे केले, तेव्हा मागच्या रांगेतील काही साथी चहाच्या दिशेने सरकताना मी पाहिले. त्यांचा मला राग नाही. आधुनिक चित्रकला ही धनिकांची करमणूक आहे, ही आपल्या चळवळीतील जुनी समजूत, आणि ती दृढ करण्याचे काम चित्रांच्या लिलावांनी इमानेइतबारे केले आहे. मी लिलावांविषयी बोलणार नाही. जनतेच्या पैशावर चालणाऱ्या एका कलासंग्रहालयात पुढील वर्षा-दोन वर्षांत कोणती प्रदर्शने भरणार हे कसे ठरते, एवढाच माझा विषय आहे.

मुंबईचा सर कावसजी जहांगीर हॉल आपल्यातील वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. जॉर्ज विटेट या वास्तुविशारदाने बांधलेला हा हॉल १९११ सालचा. पुढे त्याला उतरती कळा लागली आणि तो अल्प भाड्यात कोणालाही मिळू लागला. मुष्टियुद्धाचे सामने, लग्नसमारंभ, कपड्यांचे सेल आणि कामगार संघटनांच्या सभा, सारे तेथे झाले. १९९६ साली त्याच वास्तूत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची मुंबई शाखा सुरू झाली. म्हणजे ज्या जागेत आपल्या सभा भरत, तेथेच आज चित्रे आहेत. आणि आपण मात्र दारावरून पुढे जातो.

एखाद्या चित्रकाराचे सिंहावलोकनी प्रदर्शन चार दिवसांत उभे राहत नाही. त्याची चाळीस-पन्नास वर्षांची चित्रे ठिकठिकाणी पांगलेली असतात. ती कोणाकडे आहेत याचा शोध घ्यावा लागतो, मालकांकडून उसनी मागावी लागतात, विमा, वाहतूक, पुस्तिका हे सारे पाहावे लागते. म्हणून आगामी प्रदर्शनांचा निर्णय फार आधी होतो. मुंबईत या कामी स्थानिक कलावंतांची सल्लागार समिती असे. टांगलेले चित्र उतरविले तर गवगवा होतो. जे प्रदर्शन यादीतच आले नाही, त्याची बातमी कशी होणार?

८ फेब्रुवारी २०१९ रोजी प्रभाकर बरवे यांच्या चित्रांचे प्रदर्शन या संग्रहालयात उघडले. बरवे हे नागावचे, १९९५ साली निवर्तलेले. सरकारच्या विणकर सेवा केंद्रात त्यांनी अनेक वर्षे नोकरी केली होती. उद्घाटनप्रसंगी अमोल पालेकर यांनी मुंबई व बंगळूर येथील सल्लागार समित्या बरखास्त झाल्याचा उल्लेख केला आणि यापुढे निर्णय दिल्लीहून होणार काय, असे विचारले. त्यांना व्यासपीठावरूनच वारंवार अडविण्यात आले. बरव्यांपुरतेच बोला, असे सांगण्यात आले. समित्यांची मुदत संपली होती, नव्या नेमल्या जातील, असा खुलासा नंतर सरकारकडून झाला. त्या वेळी मेहली गोभाई आणि सुधीर पटवर्धन यांची नियोजित प्रदर्शने चर्चेत होती. संपूर्ण इमारतीऐवजी वरचे घुमटाचे दालनच यापुढे अशा प्रदर्शनांना मिळेल, अशी वार्ता होती.

पटवर्धनांचे नाव मी मुद्दाम थांबून घेतो. पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झालेला हा माणूस तीस वर्षे ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करीत होता आणि उरलेल्या वेळात चित्रे काढीत होता. इराणी हॉटेलात बसलेला एकटा माणूस, लोकलचा डबा, रेल्वेचा पूल, उल्हासनगरची दाटी हे त्यांचे विषय. त्यांच्या माणसांच्या देहावर श्रमाचे वजन दिसते, आणि तरीही ती दयेची याचना करीत नाहीत. १९८१ साली काढलेल्या त्यांच्या एका चित्राच्या नावातच मे दिन आहे. २००१ सालच्या ‘लोअर परळ’मध्ये ओसरणारे गिरणगाव आणि वर चढणारी नवी मुंबापुरी एकाच चौकटीत आहे. गिरणी संपावर आपण ठराव पुष्कळ केले. संपानंतर त्या वस्तीचे रूप कसे पालटले, हे मला त्या चित्रासमोर उभा राहिल्यावर अधिक कळले.

हे प्रदर्शन नोव्हेंबर २०१९ मध्ये भरले. गोभाई यांचेही मार्च २०२० मध्ये उघडले. दुर्दैवाने त्याच महिन्यात टाळेबंदी आली. तेव्हा भीती अनाठायी होती, असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. ही दोन्ही प्रदर्शने आधीच ठरलेली होती, आणि त्यांच्यासाठी कलावंतांनी जाहीरपणे आवाज उठविला होता. जे नाव अद्याप कोणी सुचविलेलेच नाही, त्याच्यासाठी आवाज कोण उठविणार?

आणि एक अडचणीची गोष्ट. पटवर्धनांची बाजू घेणे आपणांस सोपे आहे, कारण त्यांच्या चित्रात कामगार आहे. गोभाईंच्या चित्रात माणूसच नाही. गडद, मातकट रंगांचे थर आणि काही रेषा. त्यांच्यापुढे मी स्वतः गोंधळून उभा राहिलो आहे. परंतु जे आपणांस समजत नाही ते निरुपयोगी, हा न्याय आपण लावला, तर दिल्लीच्या कचेरीला तोच न्याय लावण्यापासून कोणत्या तोंडाने रोखणार? प्रचाराला उपयोगी चित्र तेवढे चांगले, असे मानणाऱ्या राजवटींनी, डाव्या म्हणविणाऱ्यांनीसुद्धा, चित्रकारांचे काय केले ते आपण जाणतो.

करण्याजोगे काम लहान आहे. सल्लागार समितीत कोण आहे आणि पुढील दोन वर्षांची यादी काय, हे माहितीच्या अधिकाराखाली विचारता येते. तो अर्ज आपल्या कार्यालयाने करावा. चित्रे मुंबईबाहेर नेता येतात, हे पटवर्धनांनीच ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे फिरते प्रदर्शन महाराष्ट्रातील शहरांत नेऊन दाखविले आहे. संग्रहालयाने तसे का करू नये, हेही विचारावे. कचेऱ्या सुटण्याच्या सुमारास संग्रहालयाची दारे बंद होतात, त्याबद्दल आठवड्यातून एक दिवस तरी उशिरापर्यंत उघडे ठेवा, अशी मागणी करावी. आणि अर्ज करण्यापूर्वी एकदा आत जाऊन यावे. सोमवारी ते बंद असते. रविवारी उघडे असते. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी सभा संपल्यावर माझ्याकडे नावे द्यावीत.