तरुण मनावरचे आघात
(मांजरी येथील पालक-युवक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मनाच्या आजाराचे नाव काढले की लोक येरवड्याकडे बोट दाखवतात. म्हणून आम्ही सुरुवात येरवड्यापासून न करता वाघोलीपासून करतो. नदी ओलांडली की वाघोली, मांजरीकरांना ते गाव परके नाही.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. गणपती विसर्जनाची रात्र, दमून झोपलेली गावे. हजारो माणसे दगड-मातीच्या घरांखाली गाडली गेली. श्री. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने तेथील सुमारे 1200 मुले शिक्षणासाठी पुण्यात आणली आणि पुढे वाघोलीला त्यांचा शैक्षणिक पुनर्वसन प्रकल्प उभा राहिला. नंतरच्या काळात मेळघाटातील आदिवासी मुले आणि आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतील मुलेही तेथे आली.

भूकंपानंतर वाचलेल्या काही लोकांची मनोविकारतज्ज्ञांनी तपासणी केली. तो अभ्यास 1996 साली प्रसिद्ध झाला. गट लहान होता. पण त्यातील निम्म्याहून अधिक जणांत मानसिक आजार आढळला, मुख्यतः आघातानंतरचा ताण आणि नैराश्य. ही माणसे वेडी नव्हती. घडून गेलेली गोष्ट मन पुन्हा पुन्हा जिवंत करते, झोप लागू देत नाही, जरा आवाज झाला की अंग दचकते. दगडी भिंतींची धास्ती तर लोकांनी इतकी घेतली, की नवे घर दगडाचे नको, हाच आग्रह होता.

आता आपण म्हणाल, मांजरीत कुठे भूकंप झाला? बंधूंनो, आघाताला जमीन हलावीच लागते असे नाही. बापाचा रोजचा मार, दारू, शाळेत जातीवरून मारलेला टोमणा, मुलीने कोणालाही न सांगितलेला प्रसंग, हेही आघातच. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या गोव्यातील अभ्यासात 12 ते 16 वयाच्या दोन हजारांवर मुलामुलींची पाहणी झाली. मानसिक आजार शंभरात दोघांपेक्षाही कमी निघाला, ही दिलाशाची बाब. पण ज्यांना मारहाण किंवा शिवीगाळ सोसावी लागली होती, राहता परिसर सुरक्षित नव्हता, अभ्यास झेपत नव्हता, त्यांच्यात तो अधिक होता. मुलगी म्हणून भेदभाव सोसणाऱ्या मुलींतही तो अधिक होता. ज्यांना अडचणीत पहिला आधार घरच्यांचा वाटत होता, त्यांच्यात तो कमी होता. आम्हाला या पाहणीतले हे शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे वाटते, कारण त्याला पैसा लागत नाही.

संशोधनातील एक अडचण सांगतो. प्रश्नावल्या बहुधा इंग्रजीतून येतात. 'तुम्हाला उदास वाटते का?' असे विचारले की आपला मुलगा 'नाही' म्हणतो. तोच पुढे सांगतो, 'डोकं जड असतं, छातीत धडधडतं, टेन्शन आलंय.' म्हणून आम्ही आधी झोप विचारतो, मग जेवण, मग मित्र. मराठवाड्यातून कामासाठी वा शिक्षणासाठी आलेली, एका खोलीत चौघे राहणारी मुले तर आजाराचे नावच घेत नाहीत. फक्त कॉलेजला जाणे बंद करतात. घरी त्याला 'नाटक' म्हणतात, नाही तर भगताकडे नेतात. त्यात वर्ष जाते. बहुतेक मानसिक आजार चोविशीच्या आत सुरू होतात, तेव्हा हे वर्ष फार महागाचे असते.

आणखी एक भीती पोलिसांची. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या मुलाला लोक दवाखान्यात न्यायला कचरतात. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा 2018 पासून लागू आहे. असा माणूस तीव्र ताणाखाली होता असे धरून, एरवी त्याला शिक्षा करायची नाही आणि उपचार द्यायचे, असे तो सांगतो. तेव्हा वेळ न घालवता त्याला रुग्णालयात न्यावे. ससूनमध्ये मनोविकार विभाग आहे. एवढ्या लांब जाणे जमत नसेल तर 14416 हा सरकारचा टेलिमानस क्रमांक फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येते. फोन मुलानेच करावा असे नाही, आईनेही करावा.

आता आम्ही अर्धा तास येथेच मागच्या खोलीत बसणार आहोत. ज्यांना चारचौघांत विचारायचे नाही, त्यांनी तेथे यावे. नाव लिहून घेणार नाही.