अर्धा कागद



मी चौतीस वर्षे लेखापरीक्षण खात्यात काढली. या खात्यात रुजू झाल्यावर पहिल्या काही दिवसांतच हाताला एक कागद लागतो, त्याला आम्ही 'हाफ मार्जिन' म्हणतो. फुलस्केप कागद उभा दुमडायचा आणि घडीच्या एकाच बाजूला लिहायचे. अमुक व्हाउचरवर एवढी रक्कम का दिली, अमुक कामाला निविदा का मागवली नाही, खुलासा व्हावा. दुसरी बाजू कोरी सोडायची. ती ज्याला प्रश्न विचारला त्याची. त्याने तिथे उत्तर लिहायचे, सही करायची आणि कागद परत द्यायचा.

आज पदवी घेणाऱ्या तुमच्यासमोर घटनात्मक आणि नियामक संस्थांवर बोलायचे ठरवले तेव्हा पुस्तकांच्याही आधी मला हा कागद आठवला. म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करते.

१९८६ साल. नोकरीला दोन वर्षे झाली होती. नागपूरच्या महालेखाकार कार्यालयातून आमची तिघांची पार्टी मराठवाड्यातल्या एका पाटबंधारे विभागात तपासणीला गेली. कालव्याच्या कामाची मोजमाप पुस्तके माझ्याकडे होती. एका पानावर कनिष्ठ अभियंत्याने अमुक किलोमीटरवरच्या खोदकामाची मोजणी १४ तारखेला केल्याची नोंद होती. त्याच अभियंत्याचे प्रवासभत्त्याचे बिल दुसऱ्या फायलीत होते आणि त्यात १४ तारखेला तो मंडल कार्यालयात बैठकीला गेला होता. एक माणूस, एक दिवस, दोन ठिकाणे. मी घडी घातली आणि प्रश्न लिहिला.

दुपारी कार्यकारी अभियंता स्वतः आमच्या टेबलाशी आले. "मॅडम, पोरगा प्रामाणिक आहे. एवढं लिहायलाच हवं का?" मी म्हटले, "साहेब, उत्तराची जागा मोकळी आहे." बोलले खरे, पण हात थरथरत होता. त्यांच्या हाताखाली दोनेकशे माणसे होती आणि माझे वय पंचवीस. तरी ते मला तिथून उठवू शकत नव्हते, माझी बदली करू शकत नव्हते, माझा पगारही अडवू शकत नव्हते. असे का, याचे उत्तर मला नंतर हळूहळू कळत गेले.

ते उत्तर आमच्या खात्याच्या प्रमुखाबद्दलच्या, संविधानाच्या १४८ ते १५१ या कलमांत आहे. ३० मे १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकर म्हणाले होते, की नियंत्रक व महालेखापरीक्षक हा या संविधानातला बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे. ही कलमे वाचायला रूक्ष वाटतात. त्यांत ध्येयवाद नाही, आहेत ते नोकरीचे तपशील. या माणसाला पदावरून काढायचे तर सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला काढण्याचीच पद्धत लागेल, म्हणजे संसदेच्या दोन्ही सभागृहांचे विशेष बहुमत. त्याच्या कार्यालयाचा प्रशासकीय खर्च अर्थसंकल्पात 'दत्तमत' नसेल, 'भारित' असेल. त्यावर मतदान नाही, म्हणून रागाच्या भरात कोणी तो कापू शकणार नाही. आणि पद सोडल्यावर केंद्राचे किंवा कुठल्याही राज्याचे पद त्याला घेता येणार नाही. ही शेवटची अट मला सर्वांत शहाणी वाटते. ज्याला उद्या मागायचे काही नाही, तो आज प्रश्न विचारू शकतो.

एखादी संस्था खरोखर स्वतंत्र आहे का, हे तुम्हाला तपासायचे असेल तर तिच्या संकेतस्थळावरचे ब्रीदवाक्य वाचत बसू नका. तिच्या माणसाला नेमतो कोण, काढू कोण शकतो, पैसा कुठून येतो आणि निवृत्तीनंतर त्याला काय मिळू शकते, एवढे शोधा. उत्तरे सगळीकडे सारखी नाहीत. लोकसेवा आयोगाचा खर्च भारित आहे, निवडणूक आयोगाचा नाही. मुख्य निवडणूक आयुक्ताला काढणे न्यायाधीशाला काढण्याइतके कठीण. त्याच्या शेजारी बसणाऱ्या दोन आयुक्तांना मात्र त्याच्या शिफारशीवरून काढता येते. निवृत्तीनंतरच्या पदांचा मार्ग आयुक्तांना बंद नाही.

आणि नेमणूक? तिथे आपले संविधान कच्चे राहिले, असे माझे मत आहे. निवडणूक आयोगावरच्या चर्चेत, जून १९४९ मध्ये, खुद्द आंबेडकरांनी कबूल केले होते, की सरकारच्या मुठीतला माणूस मुळातच नेमला गेला तर काय करायचे याला मसुद्यात उत्तर नाही. हा प्रश्न पुढे चौऱ्याहत्तर वर्षे तसाच पडून होता. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की कायदा होईपर्यंत पंतप्रधान, लोकसभेतले विरोधी पक्षनेते आणि सरन्यायाधीश यांच्या समितीच्या सल्ल्याने आयुक्त नेमावेत. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा झाला आणि सरन्यायाधीशांच्या जागी पंतप्रधानांनी सुचवलेला केंद्रीय मंत्री आला. तिघांत दोघे सरकारचे असतील तर ती निवड सरकारचीच, हे मी स्पष्ट सांगते. महालेखापरीक्षकाच्या निवडीसाठी तर संविधानाने समितीच सांगितलेली नाही. ज्या पदाला मी आयुष्य दिले त्याच्याबद्दल हे बोलताना वाईट वाटते, पण त्या पदाची काळजी आहे म्हणूनच बोलते.

आता त्या पदाच्या ताकदीकडे येऊ. महालेखापरीक्षक कोणाला दंड करत नाही, कोणाला तुरुंगात पाठवत नाही, एक रुपयाही वसूल करत नाही. तो लिहितो. केंद्राचा अहवाल राष्ट्रपतींकडे आणि तिथून संसदेत, राज्याचा राज्यपालांकडे आणि तिथून विधिमंडळात. मग लोकलेखा समिती सचिवांना समोर बसवून विचारते. १९६७ पासून संसदेच्या या समितीचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याची प्रथा आहे. कुठल्याही कायद्यात नसलेली ही प्रथा इतकी वर्षे टिकली, याचा मला अभिमान वाटतो.

२०१० चा टू-जी स्पेक्ट्रमवरचा अहवाल तुम्ही ऐकून असाल. त्यात संभाव्य नुकसानीचे एकाहून अधिक पद्धतींनी काढलेले अंदाज होते. लोकांच्या लक्षात राहिला तो सर्वांत मोठा, १.७६ लाख कोटींचा. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १२२ दूरसंचार परवाने रद्द केले. २०१७ मध्ये विशेष न्यायालयाने फौजदारी खटल्यातल्या सर्व आरोपींना निर्दोष सोडले. या दोन निकालांत विसंगती आहे असे अनेकांना वाटते, मला वाटत नाही. वाटपाची पद्धत चुकली का, हा एक प्रश्न. अमुक माणसाने लाच घेतल्याचे सिद्ध झाले का, हा दुसरा. आमचा आक्षेप हा कधीच निकाल नसतो. अंदाजाचा आकडा निकालासारखा वाजवला जातो तेव्हा कागदाची कोरी बाजू पुसली जाते, आणि त्याचा तोटा शेवटी आमच्याच विश्वासार्हतेला होतो.

निवडणूक आयोगाकडे तर हुकूम देण्याची ताकद आहे, म्हणून त्याची गोष्ट अधिक अवघड आहे. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यासमोर सतरा कोटींहून अधिक मतदारांची यादी करण्याचे काम होते. उत्तरेतल्या अनेक भागांत स्त्रिया स्वतःचे नाव सांगेनात. अमक्याची आई, तमक्याची बायको, एवढीच ओळख. सेन यांनी आग्रह धरला, की नाव हवे, मतदार ही नात्याने ओळखायची वस्तू नाही. दुरुस्तीसाठी मुदत वाढवून दिली. तरीही सुमारे अठ्ठावीस लाख स्त्रियांची नावे शेवटी यादीतून वगळावी लागली. म्हणजे पहिल्याच निवडणुकीत, तुझे नाव तुझे स्वतःचे आहे असे ज्यांना सांगितले, त्यांचेच मत गेले. मी अनेक वर्षे या निर्णयावर विचार केला आहे. तो बरोबर होता असे मला वाटते. आणि त्या अठ्ठावीस लाखांतल्या एकीसमोर उभे राहून हे म्हणण्याची माझी हिंमत होणार नाही, हेही तितकेच खरे. संस्थेत काम करणाऱ्याला कधी कधी या दोन्ही गोष्टी एकदम बाळगाव्या लागतात.

एक गोष्ट लक्षात घ्या, की या आयोगाकडे स्वतःची माणसे फार थोडी. कलम ३२४ प्रमाणे तो ती मागून घेतो. मतदान केंद्रावर यंत्र घेऊन रात्री मुक्कामाला जाते ती जिल्हा परिषद शाळेतली बाई, तलाठी, बँकेतला कारकून. त्या दोन दिवसांपुरता तिच्या अंगात आयोग असतो. गावातला पुढारी, ज्याच्या शब्दावर एरवी तिच्या शाळेचे पत्रे बदलले जातात, त्याला ती सांगते, की रांगेत या. तुमच्यातल्या अनेकांवर हे काम येणार आहे. ते टाळण्यासाठी वैद्यकीय दाखला शोधू नका.

संविधानाबाहेर, पण कायद्याने उभ्या राहिलेल्या संस्था वेगळ्या. शेअर बाजारावर देखरेख करणारी सेबी १९८८ मध्ये स्थापन झाली, तेव्हा तिच्याकडे कायद्याचे बळ नव्हते. ते आले १९९२ च्या सुरुवातीला. आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये पत्रकार सुचेता दलाल यांच्या बातमीने हर्षद मेहताचे शेअर बाजारातले प्रकरण उघडकीला आले. दात फुटत असतानाच हाड चावायला मिळावे तसे झाले. अशी नियामक संस्था नियम करते, चौकशी करते आणि आदेशही तीच देते. सरकारची तीन अंगे आपण ज्या कारणासाठी वेगळी ठेवली, ती इथे एका छताखाली येतात. म्हणून तिच्यावर अपील हवे. सेबीच्या बाबतीत ते रोखे अपील न्यायाधिकरणात होते, त्यापुढे सर्वोच्च न्यायालय. शिवाय कायद्याने दिलेले कायद्याने काढूनही घेता येते, तेही साध्या बहुमताने. माहिती आयुक्तांची पाच वर्षांची निश्चित मुदत २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात होती. २०१९ च्या दुरुस्तीने मुदत आणि वेतन ठरवणे केंद्र सरकारच्या हाती गेले.

नियामक संस्थेचा मला आवडणारा चेहरा मात्र दुसराच आहे. महाराष्ट्र वीज नियामक आयोग १९९९ मध्ये झाला. वीजदर वाढवायचे तर कंपनीने प्रस्तावाचा गोषवारा वर्तमानपत्रात द्यावा लागतो, हरकती मागवाव्या लागतात, आणि त्या विचारात घेऊनच आयोगाने आदेश द्यायचा असतो. मी अशा सुनावणीला श्रोता म्हणून बसले आहे. यंत्रमागवाले येतात, उपसा सिंचनाचे शेतकरी येतात, ग्राहक पंचायतीचे कार्यकर्ते येतात. पुण्याच्या 'प्रयास'सारख्या गटाने तर आकड्यांना आकड्यांनी उत्तर कसे द्यायचे हे वर्षानुवर्षे करून दाखवले. धोतर नेसलेला एक वयस्कर शेतकरी वीजगळतीचा तक्ता हातात धरून कंपनीच्या संचालकाला विचारत होता, की पंपाला मीटरच नाही तर मी एवढी वीज वापरली हे तुम्हाला कळले कसे? संचालकाला उत्तर द्यावे लागले. ते पुरेसे नव्हते, पण ते नोंदवले गेले.

जिथे प्रश्न विचारायचीच वेळ पुढे ढकलली जाते, तिथे काय होते तेही आपण आपल्याच राज्यात पाहिले. महापालिकेची मुदत संपण्याआधी निवडणूक व्हावी असे कलम २४३-यू सांगते. राज्य निवडणूक आयोग त्यासाठीच आहे. तरी मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रशासक आला. आरक्षण, प्रभागरचना, न्यायालय, कायद्यातील बदल, असे करत दिवस गेले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार आठवड्यांत निवडणुका जाहीर करा असे सांगितले, तोवर तीन वर्षे उलटली होती. आयोग होता, कलम होते, कार्यालय रोज उघडत होते. गटार तुंबले तर नाव घेऊन जाब विचारावा असा नगरसेवक मात्र कुठल्याच प्रभागात नव्हता.

तुमच्यातले कोणी या संस्थांत नोकरीला जातील. पुष्कळजण घडीच्या दुसऱ्या बाजूला असतील: कंपनीत, बांधकाम विभागात, रुग्णालयात, सहकारी बँकेत. तुमच्याकडे प्रश्न येईल तेव्हा त्याचा राग येईल. माझ्या अनुभवात त्या कोऱ्या बाजूला सर्वांत जास्त वेळा काय आले, माहीत आहे? काहीच नाही. कागद तसाच पडून राहतो, अधिकारी बदलून जातो, आणि आठ-दहा वर्षांनी नव्या पार्टीला तोच आक्षेप पुन्हा लिहावा लागतो.

पण १९८६ च्या त्या कागदावर उत्तर आले. तिसऱ्या दिवशी सकाळी तो कनिष्ठ अभियंता स्वतः घेऊन आला. माझ्याहून वर्ष-दोन वर्षांनी लहान असेल. बारीक, सरळ अक्षरात त्याने लिहिले होते, की बैठक बारा वाजता संपली, दुपारच्या एसटीने तो परतला आणि संध्याकाळी उपअभियंत्यांच्या समक्ष मोजणी झाली. तिकीट प्रवासभत्त्याच्या बिलामागेच टाचलेले होते. उपअभियंत्यांची फेरमोजणीची सही मोजमाप पुस्तकाच्या पुढच्या पानावर होती. मी ते पान उलटलेच नव्हते.

मी पार्टीच्या प्रमुखांकडे गेले आणि दोन्ही पाने त्यांच्यासमोर ठेवली. ते काही बोलले नाहीत. कागद हातात घेऊन त्यांनी माझी बाजू वाचली, त्याची बाजू वाचली, आणि खाली लिहिले, 'उत्तर मान्य. आक्षेप वगळला.' मग पेन माझ्याकडे सरकवले. त्यांच्या सहीखाली मी माझी सही केली आणि तो कागद घेऊन बाहेर व्हरांड्यात गेले. तो मुलगा तिथे बाकावर बसून वाट पाहत होता.