जळजळ गेली, जडपणा राहिला

इंझोरीसारख्या गावात सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस म्हणजे सकाळी उपाशीपोटी चहा, दुपारी धुऱ्यावर भाकर-ठेचा, रात्री उशिरा जेवण आणि लगेच आडवं होणं. मग छातीत जळजळ, आंबट ढेकर. मानोऱ्याच्या मेडिकलमधून पॅन्टोप्राझोलची पट्टी येते आणि पुढं महिनोन्‌महिने येतच राहते.

गोळी गुणाची आहे. जठरातला आम्लाचा पंपच ती बंद करते. पण जळजळ थांबली, तरी काहींची नवी तक्रार सुरू होते : ‘दोन घासांत पोट भरते, भाकर तिथंच बसून राहते.’ याला ती गोळीही कारण असू शकते. जठराचा खालचा भाग जात्यासारखा अन्न दळतो. साधारण दोन मिलिमीटरपेक्षा बारीक झालेला कणच आतड्यात सरकतो. आम्ल घटलं की पेप्सिन हे जठरातलं पाचकद्रव्य मंदावतं, दळण लांबतं. या औषधांनी घट्ट अन्न जठरात जास्त वेळ थांबतं, असं अनेक चाचण्यांत दिसलंय. पातळ पदार्थांबाबत निकाल एकसारखे नाहीत; म्हणजे भाकरीचं सांगता येतं, ताकाचं नाही.

आम्ल निरोपाचंही काम करतं. 1902 मध्ये लंडनच्या बेलिस आणि स्टारलिंग यांनी दाखवलं, की आम्ल लहान आतड्यात पोचलं की सिक्रेटिन हे संप्रेरक रक्तात उतरतं आणि स्वादुपिंड पाचकरस सोडतं. आम्ल कमी, तर हा निरोपही क्षीण. गॅस्ट्रिन या दुसऱ्या संप्रेरकाचं मात्र उलटं : आम्ल कमी पडलं की ते वाढतं आणि जठराला आणखी आम्ल करायला सांगत राहतं. गोळी आहे तोवर हे कळत नाही. ती एकदम बंद केली की आम्ल उसळतं. डेन्मार्कमधल्या 2009 च्या प्रयोगात निरोगी माणसांना आठ आठवडे अशीच गोळी दिली. बंद केल्यावर 44 टक्के लोकांना जळजळ, आंबट पाणी असे त्रास झाले. नुसती खोटी गोळी घेतलेल्यांत हे प्रमाण 15 टक्के होतं. आपण मात्र म्हणतो, ‘बघा, गोळीशिवाय जमतच नाही!’

त्यातून मेडिकलवाला ‘डी’वाली गोळी देतो. त्यात सोबत डोम्पेरिडोन असतं, अन्न पुढे ढकलणारं. एक औषध अन्न थांबवतं, दुसरं ढकलतं. आणि डोम्पेरिडोन काहींच्या हृदयाचे ठोके बिघडवू शकतं. ते मनानं घेऊ नये.

रक्त पातळ करणारी किंवा सांधेदुखीची गोळी चालू असेल, तर पित्ताची गोळी परस्पर बंद करू नका. बाकीच्यांनी डॉक्टरांना एवढं विचारा : किती आठवडे घ्यायची आणि कमी कशी करायची? शौचाला काळं होत असेल, घास अडकत असेल, वजन उतरत असेल, तर मेडिकल नको, थेट दवाखाना गाठा.