मळवलीच्या दगडावरचे हात



 लोणावळ्यातल्या या संमेलनात धुकं आणि चिक्की यांची सोय स्वागत समितीला करावी लागत नाही, एवढं आमचं नशीब!

'कला आणि यंत्र' हा विषय ठरला तेव्हा एकाने विचारलं, त्याचा लोणावळ्याशी काय संबंध? संबंध एका स्टेशनाचा आहे. पुण्याकडे निघालं की पुढचं स्टेशन मळवली. राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत काढलेला छापखाना प्लेगच्या दिवसांत तिथे हलला. जर्मनीहून आणलेल्या यंत्रांवर छापलेल्या लक्ष्मी-सरस्वती देशभरच्या देवघरांत पोचल्या.

जाणकारांनी नाकं मुरडली; आजही 'कॅलेंडरछाप' ही शिवीच आहे. मला ती पटत नाही. मळवलीतल्या शिळाछापात, म्हणजे दगडावरून छापण्यात, प्रत्येक रंगाला वेगळा दगड लागतो. मूळ चित्रातला नेमका तेवढाच रंग वेगळा काढून, तेलकट शाईने, ठिपक्या-ठिपक्याने आणि तोही उलटा, दगडावर उतरवायचा. एक दगड केसभर सरकला की देवीचे ओठ गालावर! हे काम करणारे चित्रकारच होते. चित्राखाली नाव मात्र रविवर्म्यांचं आणि छापखान्याचं.

आणि चित्र घरी गेल्यावर? कित्येक घरांत बायकांनी त्या छापील देवीला खऱ्या कापडाचं लुगडं नेसवलं, जर लावली, टिकल्या-मणी चिकटवले. एकाच दगडावरून निघालेल्या दोन लक्ष्म्या मग एकसारख्या उरल्या नाहीत. दादासाहेब फाळकेही याच छापखान्यात काम करून गेले. पुढे मूकपटांत त्यांनी देवांना पडद्यावर चालतं-बोलतं नव्हे, पण चालतं तरी केलं.

आणि आजचं यंत्र? २०२४ मध्ये आय-दा नावाच्या यंत्रमानवाने काढलेलं ॲलन ट्युरिंगचं चित्र लिलावात दहा लाख डॉलरहून जास्त किमतीला गेलं. तेव्हापासून 'आता चित्रकार संपला' अशी आवई उठते आहे. मला त्याची धास्ती वाटत नाही. माझी तक्रार मळवलीचीच, जुनी आहे. आज जी यंत्रं चुटकीसरशी चित्रं काढून देतात, ती असंख्य चित्रकारांच्या कामावर शिकली आहेत. त्या चित्रकारांना कुणी विचारलं? त्यांचं नाव कुठे लागणार, आणि मोबदला कोण देणार? या दोन दिवसांत सौंदर्यशास्त्रावर भरपूर बोला; पण या हिशेबाचा एक ठराव केल्याशिवाय उठू नका, ही यजमानांची विनंती.

आता उद्घाटकांनी दीपप्रज्वलन करावं.