गावाचे नाव सांगणारे संघ

हॉकी म्हटली की भारतीय श्रोत्याच्या डोळ्यांपुढे प्रथम राष्ट्रध्वज उभा राहतो. १९२८ चे अ‍ॅम्स्टरडॅम, १९३६ चे बर्लिन, ध्यानचंदांचे गोल, ही आपली हॉकीची स्मृती. परंतु ज्या पश्चिम युरोपाने पुढे या खेळात आपल्याला मागे टाकले, तेथे खेळाचे मूळ शोधावयाचे असेल तर राष्ट्रीय संघाकडे न पाहता गावाच्या क्लबाकडे पाहावे लागते. क्लबांची ‘युरो हॉकी लीग’ ही स्पर्धा म्हणूनच विचार करण्याजोगी आहे.

युरोपीय क्लबविजेत्यांची जुनी स्पर्धा १९७० च्या दशकात नावारूपाला आली. जर्मनीतील म्युलहाइमच्या उलेनहोर्स्ट क्लबाने १९८८ ते १९९६ अशी सलग नऊ वर्षे ती जिंकली. २००७ मध्ये तिची जागा युरो हॉकी लीगने घेतली. निरनिराळ्या देशांतील अग्रगण्य क्लब तीत उतरतात आणि ईस्टरच्या सुट्टीत तिचे रंगतदार सामने होतात. स्त्रियांची स्पर्धा २०२१ मध्ये सुरू झाली. तिचे पहिले विजेतेपद डेन बॉश या डच क्लबाने मिळविले.

या स्पर्धेने खेळालाही नवे वळण दिले. पूर्वी फ्री हिट घेणाऱ्याला चेंडू दुसऱ्याकडेच द्यावा लागे. तो स्वतःच पुढे नेण्याची मोकळीक या लीगने प्रथम देऊन पाहिली आणि २००९ मध्ये ती जगभरच्या नियमांत आली. साडेसतरा मिनिटांच्या चार भागांत सामना खेळण्याची रीतही येथे आधी रुळली. आंतरराष्ट्रीय सामन्यांचे चार भाग २०१४ मध्ये झाले. राष्ट्रांनी क्लबांकडून धडा घ्यावा, असा हा प्रकार!

ही स्पर्धा २००९ पासून २०२३ पर्यंत सहा वेळा जिंकणारे ब्लुमेन्डाल हे हार्लेम शहरानजीकचे लहानसे डच गाव. अशा क्लबात आठ वर्षांचे पोर आणि पन्नाशी उलटलेला गृहस्थ, दोघेही आपापल्या संघातून त्याच हिरवळीवर खेळतात. पोरांना शिकविणे, पंचाचे काम पाहणे, चहापाणी करणे हे बहुतांशी सभासदच हौसेने उरकतात. दोन ऑलिंपिक सुवर्णपदकांचा मानकरी टॉन डी नोयर वर्षानुवर्षे ब्लुमेन्डालकडून खेळला. असा खेळाडू कुंपणाशी उभ्या असलेल्या पोरांना रोज दिसतो, ही शिकवण कोणत्या पुस्तकात मिळणार?

आपल्याकडे ही परंपरा नव्हती असे नाही. कलकत्त्याची बेटन कप स्पर्धा १८९५ ची, तर मुंबईची आगाखान स्पर्धा १८९६ ची. मुंबईचा लुसिटानियन्स क्लब गोमंतकीयांच्या हौसेवर उभा होता. पुढे रेल्वे, पोलीस, सैन्यदले आणि सरकारी उद्योग यांचे संघ पुढे आले. त्यांना दोष देणे कृतघ्नपणाचे ठरेल, कारण गरीब घरच्या असंख्य खेळाडूंना त्यांनी पोटाला आधार दिला. मात्र नोकरीचा संघ तयार खेळाडू घेतो. पहिली काठी हाती देणारे अंगण तो सहसा होत नाही.

एक उदाहरण पुरेसे आहे. हँबुर्गचा उलेनहोर्स्टर क्लब १९०१ चा. त्याचा खेळाडू मोरिट्झ फ्युर्स्ट याने २०१३ मध्ये रांची ऱ्हायनोजला पहिली हॉकी इंडिया लीग जिंकून दिली. २०१४ च्या हंगामानंतर तो संघ उरला नाही. पुढे लीगही २०१७ नंतर थांबली व २०२४ च्या अखेरीस पुन्हा सुरू झाली. हँबुर्गचा क्लब मात्र दोन महायुद्धे पाहून टिकला. पैशाने संघ एका हंगामात उभा राहतो, क्लब उभा राहायला दोन पिढ्या लागतात. झारखंडातील सिमडेगा आणि ओडिशातील सुंदरगढ येथील मुले आजही गावाच्या मैदानात हॉकी खेळतात. त्यांच्या गावाचे नाव छातीवर मिरविणारा क्लब त्यांना मिळाला, तर राष्ट्रध्वजाची चिंता वेगळी करावी लागणार नाही.