मित्राच्या घरचा संगणक

संगणकातलं थोडंफार कळणारं माणूस प्रत्येक सोसायटीत असतं. कुणाकडे नवा संगणक आला की पहिला फोन त्यालाच जातो. त्याने मित्राकडे बसून दिलेला तासभर खरंच मोलाचा असतो.

१२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर विषाणू पसरला. सुमारे दीडशे देशांतल्या संगणकांवर फायली कुलूपबंद झाल्या, ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. वाईट याचं वाटतं, की ज्या त्रुटीतून तो शिरला तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिली होती. अनेकांनी ती बसवलीच नव्हती.

म्हणून मित्राच्या संगणकावर सगळ्यात आधी अपडेट आपोआप होतील अशी सोय करावी. विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा जुना संगणक विंडोज ११ वर नेता येतो का, तेही पाहावं. अँटीव्हायरस विकत घेण्याची घाई नको, विंडोजमध्ये डिफेंडर असतोच.

पासवर्ड मात्र मालकानेच टाकावा, मदतनीसाने तेव्हा नजर वळवावी.

घरच्यांचे फोटो आणि कागदपत्रं वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवावीत आणि काम झालं की ती डिस्क काढून ठेवावी. जोडलेली राहिली, तर असा विषाणू तिलाही कुलूप घालतो.

ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेलेच, तर लगेच १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन करा. हा क्रमांक मित्राच्या संगणकाशेजारी आजच लिहून ठेवा.