बेटावरचे घर

समुद्रकाठी आपले एखादे घर असावे, ही हौस मोठी मोहक असते. मॉरिशस बेटावर २००२ पासून परदेशीयांना ठराविक योजनांतून अशी घरे घेता येऊ लागली. २०१५ साली जुन्या योजनांच्या जागी नवी योजना आली. तथापि भरतीच्या रेषेपासून ८१.२१ मीटरांपर्यंतची किनारपट्टी तेथे बहुतांशी सरकारी आहे. ती विकली जात नाही, पट्ट्याने दिली जाते. म्हणून आपण जमिनीचे धनी होणार की मुदतीपुरते पट्टेदार, हे ग्राहकाने आधी नोटरीकडून समजून घ्यावे. घर उभे राहावयाचे असेल, तर पैसे बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणेच द्यावेत आणि काम अडल्यास ते पुरे करण्याची हमी आहे काय, तेही पाहावे. पहाणीचा उतारा पाहिल्यावाचून गुंठाभर रानही घेऊ नये, हे कोहिनूरचा शेतकरी जाणतो. तोच शहाणपणा सातासमुद्रापलीकडेही कामी येतो.

याच बेटावर १८३४ पासून गिरमिटी मजूर उतरले. पुढे त्यांत कोकणातील मराठी माणसेही होती. त्यांच्या घामाने ते बेट वसले आणि त्यांचे वंशज आज तेथील नागरिक आहेत. नव्या घराची खिडकी समुद्राकडे असावी. पण दार मात्र या शेजाऱ्यांकडे उघडावे.